ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी: गेमिंग झोनवाल्यांनी अपग्रेडचा क्रम कसा ठरवायचा



यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस... कुठल्याही तालुक्याच्या गावात आता कॉलेज रोडला एखादा गेमिंग झोन दिसतोच. सहा-आठ कॉम्प्युटर, एक एसी नाहीतर कूलर, बाहेर लाल-निळ्या लाईटचा बोर्ड. चालवणारा पोरगा बावीस-पंचविशीचा. आणि या मुलांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "सर, लाख-दीड लाखाची सोय होते आहे. चार ग्राफिक कार्ड घेऊन टाकू का?"

माझं उत्तर थोडं कडू आहे. बहुतेक वेळा, नाही. निदान आधी तरी नाही.

आता हे मी का म्हणतो ते नीट समजून घ्या. यातला पैसा कुठून येतो ते तुम्हाला आणि मला चांगलं माहीत आहे. एकतर मुद्राचं कर्ज, नाहीतर वडिलांनी कापूस विकल्यावर बाजूला ठेवलेली रक्कम. दुसरा पैसा तर जूनमध्ये बियाणं आणि खतासाठी परत लागणारच आहे. त्या पैशाने घेतलेली वस्तू महिन्याला किती परत देते, हा प्रश्न आधी. गेम किती भारी दिसतो, हा नंतर.

घरचा गेमर आणि दुकानदार यात फरक आहे

यूट्यूबवर अपग्रेडचे जे व्हिडिओ आहेत ते घरी खेळणाऱ्यासाठी आहेत. त्याला विचारायचं असतं, "माझे फ्रेम किती वाढतील?" तुम्ही दुकानदार आहात. तुम्हाला विचारायचं आहे, "माझे भाड्याचे तास किती वाढतील?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरही वेगळं येतं.

एक साधं गणित बघू. आकडे समजायला घेतले आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा तासाला ४० रुपये, आणि एक मशीन दिवसाला सरासरी ५ तास चालतं.

२०,००० रुपयांचं कार्ड टाकलं आणि त्या मशीनचा दर १० रुपयांनी वाढवला. रोजचे ५० रुपये, महिन्याचे १,५०० रुपये. कार्ड वसूल व्हायला तेरा महिने. तेही तितकेच तास चालले तर.

आता ३,००० रुपयांची एसएसडी घ्या. जुन्या हार्ड डिस्कवर मशीन चालू होऊन गेम उघडेपर्यंत पाच मिनिटं जातात, आणि गिऱ्हाईक गेम उघडल्यावरच घड्याळ लावतं. दिवसाला सहा गिऱ्हाईकं म्हणजे अर्धा तास फुकट. २० रुपये रोज, ६०० रुपये महिना. पाच महिन्यांत वसूल. तुम्ही म्हणाल, दुपारी खुर्ची रिकामीच असते, तेव्हाचा वेळ कशाला मोजायचा? बरोबर. निम्मं धरा. तरी दहा महिने. कार्डाचंही निम्मं धरलं तर सव्वीस-सत्तावीस महिने होतात!

पहिला नंबर: लाईट आणि अर्थिंग

व्हॅलोरंटमध्ये एका टीमला पाच खेळाडू लागतात. काउंटर स्ट्राईक २ मध्येही पाचच. म्हणजे पोट्टे येतात ते पाचच्या पाच. तुमच्याकडे सहा मशीन आहेत आणि त्यातली दोन बंद पडली, तर तुमचं नुकसान दोन मशीनचं होत नाही. अख्खी टीम दुसरीकडे जाते. दोन तास खेळणार असतील तर त्या एका संध्याकाळचे ४०० रुपये गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते परत येतील याची खात्री नाही.

म्हणून पाच मशीन कायम चालू राहणं, हा तुमचा खरा धंदा आहे.

आपल्याकडे मशीन बंद पडण्याचं मोठं कारण काय? व्होल्टेज वर-खाली होणं, लाईट जाऊन झटक्यात येणं, आणि नावापुरतं अर्थिंग. त्यात असेंबल मशीनमध्ये हलका एसएमपीएस बसवलेला असतो. वर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तेवढा भार तो खरंच पेलेल याचा भरवसा नसतो. असा एसएमपीएस जाताना कधीकधी मदरबोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो.

म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासा. मग ८० प्लस प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस. मग यूपीएस. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ग्राफिक कार्डवालं मशीन आणि मॉनिटर त्याच्यावर जेमतेम बसतात. दोन मशीन एका यूपीएसवर जोडू नका.

दुसरा नंबर: गरमी आणि धूळ

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. आणि सुट्ट्यांचा सीझनही तेव्हाच असतो. खोलीचं तापमान २५ वरून ४५ झालं की आतल्या चिपचं तापमानही साधारण तेवढंच, वीस अंशांनी चढतं. प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ पोहोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, लॅग होत आहे." तुम्हाला वाटतं कार्ड जुनं झालं. खरं तर मशीनचा दम लागलेला असतो.

वणीकडे कोळशाची धूळ. जिनिंगच्या रस्त्यावर दुकान असेल तर कापसाचे तंतू. दोन्ही कूलरच्या पात्यांत जाऊन बसतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारायचा, वर्षातून एकदा प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलायची, कॅबिनेटला एक फॅन पुढून हवा आत घेणारा आणि एक मागून बाहेर टाकणारा. पाण्याचा कूलर वापरत असाल तर त्याची ओली हवा थेट मशीनवर सोडू नका, आणि खोलीतली हवा बाहेर जायला खिडकी ठेवा. हा सगळा खर्च एका कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

तिसरा नंबर: एसएसडी आणि रॅम

एसएसडीचं गणित वर झालं. पण तिच्याने फ्रेम वाढत नाहीत, वाट बघणं कमी होतं. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते, हार्ड डिस्क १००-१५० च्या आसपास. गेमसाठी साटा पुरते. महागडी एनव्हीएमई घेतली म्हणून गिऱ्हाईकाला फार फरक कळणार नाही.

रॅमबद्दल आधी सगळेच सांगायचे की हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड. आता तसं राहिलं नाही. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले. म्हणून जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बजेट करू नका, घ्यायच्या दिवशीचा भाव बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. दोन पट्ट्या जोडीने चालतात आणि वेग वाढतो. कार्ड नसलेल्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर तर हा फरक चांगलाच जाणवतो. डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, हे दुकानातून निघण्याआधी तपासा.

चौथा नंबर: मदरबोर्ड-प्रोसेसर, आणि विंडोजचा पेच

ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आपल्याकडचे बरेच झोन ऑफिसमधून निघालेल्या चौथ्या ते सातव्या जनरेशनच्या सेकंड हँड मशीनवर उभे आहेत.

काही जण जुगाड करून त्यावर विंडोज ११ टाकतात. चालतं. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. ते नसलं की गेम उघडत नाही. आणि तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त चालणारा गेमच उघडत नसेल तर वीस हजारांचं कार्ड काय कामाचं?

शिवाय अशा ऑफिसच्या मशीनमध्ये बऱ्याचदा कंपनीचाच वेगळ्या आकाराचा एसएमपीएस असतो, कार्डाला वीज द्यायची जादा वायर नसते, कॅबिनेटही बारीक असतं. तिथे मोठं कार्ड बसतच नाही.

तुमच्याकडे बी४५० सारखा एएम४ बोर्ड असेल तर मात्र नशीबवान आहात. बायोस अपडेट करून त्यावर रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड, रॅम तीच. इंटेलमध्ये तसं नाही. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बोर्डात आठव्या जनरेशनचा प्रोसेसर चालत नाही, खाच तशीच दिसली तरी!

मग कार्डाची पाळी कधी?

अंदाजाने ठरवू नका. तीन दिवस रजिस्टर ठेवा. कोणता गेम, किती तास, काय तक्रार. आणि गर्दीच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघा.

- जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या वर आणि फ्रेम कमी: कार्ड कमी पडतंय.
- जीपीयू ५०-६० टक्क्यांवर आणि तरी फ्रेम कमी: प्रोसेसर किंवा रॅम कमी पडते आहे. इथे सीपीयूचा एकूण आकडा ४० टक्के दिसला म्हणून फसू नका, त्यातला एखादा कोर पूर्ण भरलेला असू शकतो.
- मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्के: रॅम आणि एसएसडी.

अजून एक पक्की चाचणी. व्ही-सिंक बंद करा आणि गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढले तर कार्ड अडवत होतं. वाढले नाहीत तर नवं कार्ड घेऊनही वाढणार नाहीत.

आणि मॉनिटर विसरू नका. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. मशीन २०० फ्रेम देत असलं तरी डोळ्याला ६० च. व्हॅलोरंटची कंपनी रायट स्वतः १४४ फ्रेमसाठी जीटीएक्स १०५० टीआय पुरेसं सांगते, आणि ते कार्ड २०१६ चं आहे! म्हणजे फक्त व्हॅलोरंट चालणाऱ्या दुकानात नव्या कार्डापेक्षा १४४ हर्ट्झचा मॉनिटर पोरांना आधी जाणवेल. लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, नाहीतर तो ६० वरच चालत राहतो.

"पण सर, गिऱ्हाईक बोर्ड बघून येतं!"

हा मुद्दा मी नाकारत नाही. 'आरटीएक्स' लिहिलेलं असलं की पोरं आत येतात. पण त्यासाठी सहा कार्ड लागत नाहीत. एक मशीन चांगलं करा, दारातून दिसेल असं ठेवा, त्याचा दर १५-२० रुपये जास्त ठेवा. दोन महिने बघा. ते मशीन रिकामं राहिलं तर बाजारानेच तुम्हाला उत्तर दिलं. त्याच्यासाठी रांग लागली तर दुसरं बिनधास्त घ्या. आणि तुमच्या रजिस्टरमध्ये निम्म्यापेक्षा जास्त तास सायबरपंक किंवा रेड डेड रिडेम्पशन २ सारख्या जड गेमचे निघाले, तर माझा क्रम बदला, कार्ड वर आणा. क्रम तुमच्या रजिस्टरने ठरवायचा, माझ्या शब्दाने नाही.

कार्ड घेताना, विशेषतः सेकंड हँड, अर्धा तास जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डांवर इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं, पण त्या काळात रात्रंदिवस राबलेली कार्डं अजून बाजारात फिरतात. आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटीत वस्तू नागपूरला किंवा त्याहून लांब पाठवायची वेळ आली तर बिलच कामी येतं.

शेवटची गोष्ट कर्जाची. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. वर सांगितलेल्या पहिल्या दोन कामांना, आणि निदान पाच मशीनच्या एसएसडीला, काटकसरीने केलं तर तेवढ्यात बरंच बसतं. दीड लाख मंजूर होतात म्हणून दीड लाख घ्यायचेच, असा कुठे नियम नाही. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो, त्या महिन्यात परीक्षा असोत की पेरणी.

उद्यापासून रजिस्टर सुरू करा. तीन दिवसांचं भरलं की मग कोटेशन मागवा.