जीप अस्सल की खरी?

जुन्या जीपच्या जाहिरातीत एक शब्द हमखास असतो, ‘ओरिजिनल’. आमच्या निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या सायखेड्यापासून पिंपळगाव बसवंतपर्यंत, द्राक्षांतून दोन पैसे हाती आलेले तरुण सध्या अशा जीपच्या शोधात असतात. कुणाला ती बांधावर फिरवायची असते, कुणाला लग्नाच्या वरातीत, तर कुणाला आजोबांकडे होती म्हणून हवी असते. मी गाड्यांचा व्यापारी नाही, मिस्त्रीही नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. पण गावात लोक शिक्षकाकडे कागद वाचायला आणतात आणि गेल्या काही वर्षांत माझ्यापुढे आलेल्या कागदांत जीपचे कागद बरेच आहेत. ते वाचून माझे एक मत बनले आहे. आपल्याकडे पूर्ण ओरिजिनल जीप फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. वाईट आहे ते जोडलेली जीप ओरिजिनल म्हणून विकणे.

जीप मुळात जोडूनच आपल्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही इथेच राहिल्या आणि लिलावात गेल्या. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. १९४७ पासून तिने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरे तेवढी तीच राहिली. मला यात एक गोष्ट आवडते. कंपनीने नाव बदलले, पण आपल्या इतिहासातून मोहम्मद हे नाव पुसले नाही. बदल झाला आणि तो सांगितला गेला. जुन्या जीपच्या बाबतीत माझे म्हणणे एवढेच आहे.

पुढे महिंद्राने वर्षानुवर्षे सीजे थ्रीबी हे मॉडेल बनवले. तिचे हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून तिचे बॉनेटही उंच. आपल्याकडे ‘विलीज’ म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा हीच असते. हे इंजिन पेट्रोलचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले आणि शेतकऱ्याला ते परवडेना. मग गावोगावी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवले गेले. महिंद्रानेही पुढे जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन दिले, नंतर एमएम ५४० मध्ये प्यूजोचे डिझेल आले. पत्रा सडला की स्थानिक गॅरेजमध्ये नवा ठोकला गेला. पाटे तुटले, नवे भरले. सैन्याच्या लिलावातल्या गाड्या वेगळ्याच, त्यात जबलपूरला बनलेली जोंगाही आली. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुने भाग घेऊन जीप बांधून देण्याचा मोठा धंदाच आहे आणि तिथल्या जीप पार आपल्यापर्यंत येतात.

म्हणजे चेसिस एका गाडीचे, इंजिन दुसरीचे, गिअरबॉक्स तिसरीचा आणि बॉडी गेल्या वर्षीच्या पत्र्याची, अशी जीप हा अपवाद नव्हे. याला मी भेसळ म्हणणार नाही. ज्या देशात गाडी फेकून द्यायची ऐपत नव्हती, तिथे ती पन्नास वर्षे चालती ठेवण्याची ही पद्धत होती. पण भेसळ कधी होते? हाच जोडकाम केलेला माल ‘कंपनीतून निघाला तसा’ म्हणून विकला जातो तेव्हा. आणि आता नक्कल करणेही सोपे झाले आहे. फोर्डच्या युद्धकालीन जीपच्या बोल्टवर ‘एफ’ अक्षर असे. तशा अक्षराचे बोल्ट नवे बनवून मिळतात. पुढचा आडवा रॉड विलीजमध्ये गोल नळीचा आणि फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा असतो, हे जाणकाराला कळते. द्राक्षबागेतून आलेल्या पोराला कसे कळावे?

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक जीप घेतली. रंग झकास, हूड नवे, टायर नवे. आरसी बुकात इंधन पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. इंजिन नंबर जुळेना. चेसिसवरचा नंबर रंगाखाली इतका कोरा करकरीत, की तो नंतर पंच केला असावा अशी शंका कुणालाही यावी. नोंदणीच्या नूतनीकरणाला गेल्यावर गाडी अडकली. आता ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. तो मला म्हणाला, “सर, आधी सांगितलं असतं तरी मी घेतली असती. कमी भावात घेतली असती आणि कागद आधी सरळ केले असते.” हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. त्याची तक्रार डिझेल इंजिनाबद्दल नव्हती, न सांगण्याबद्दल होती.

कायद्याची बाजू समजून घेतली तर न सांगणे किती महागात पडते ते कळते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परवानगी आणि नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. मग १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

आता आमच्या भागातली जीप या नियमात बसवून पाहा. १९६५ ची आहे, पण तिच्यात डिझेल आहे, म्हणून ती व्हिंटेज नाही. ऐंशीच्या दशकातली एमएम ५४० आहे, तर तिला पन्नास व्हायला अजून वेळ आहे. आणि ज्याला जीपमध्ये द्राक्षाचे क्रेट टाकून बागेतून यायचे आहे, त्याला व्हिंटेजची पाटी परवडणारच नाही. शासनाने यातून मार्ग काढायला हवा. काही दशकांपूर्वी झालेला आणि आरसीवर नोंदलेला इंजिनबदल हा त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग मानावा. पण ही मागणी करण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच येतो, जेव्हा आपण स्वतः बदल लपवत नाही.

‘अस्सल’ हा शब्द अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, यावरून आला. ‘मरामत’ आणि ‘ऐब’ हेही अरबीतून आपल्या मराठीत येऊन रुळले. इस्लामी फिक्हमध्ये ‘खियार-उल-ऐब’ अशी संकल्पना आहे. लपवलेला दोष नंतर उघडा पडला तर ग्राहकाला सौदा मोडण्याचा हक्क राहतो. प्रेषितांनी (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारल्याची हदीस आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेणाऱ्याला ती कुणी समजावून सांगायची गरज नाही. वरच्या थरात चांगला आणि खाली हलका माल भरला की व्यापारी ट्रॉली उकरून पाहतो आणि भाव पाडतो. जीपचा रंग हा असाच वरचा थर आहे. तो उकरून पाहायची सोय ग्राहकाला नसते, एवढाच फरक.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला व्यापाऱ्यांचा, की ऐब सांगितला तर भाव पडतो. पडतो, खरे आहे. पण तो भाव मुळात जीपचा नव्हताच, न सांगितलेल्या गोष्टीचा होता. दुसरा हौशी लोकांचा, की डिझेल जीप ही जुनी जीपच नव्हे. त्यांना मी म्हणेन, अमेरिकेतल्या संग्रहालयाचा नियम निफाडच्या शेताला लावू नका. इथल्या जीपने जे सोसले ते तिच्या अंगावर दिसणारच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जीपचे काम करताना रंग देण्याआधी तिचे फोटो काढा. एका वहीत चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांची चार पाने करा. काय मूळचे आहे, काय बदलले, कधी बदलले, भाग कुठून आणला, हे लिहा आणि बिले चिकटवा. शेवटी मिस्त्रीचे नाव आणि सही घ्या. आमच्या भागात या कामात मुस्लीम मिस्त्री बरेच आहेत. गिअरचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलेले सांगणारी ही माणसे. जीप लाखांत विकली जाते आणि तिच्यावर यांचे नाव कुठेच नसते. फसवणूक उघडी पडली की मात्र बोट त्यांच्याकडेच दाखवले जाते. वहीवरची सही त्यांना श्रेयही देईल आणि खोट्या कामाला नाही म्हणायचे बळही.

घेणाऱ्यांना एवढेच सांगतो. वही असलेली जीप दहा-वीस हजारांनी महाग मिळाली तरी तीच घ्या. चेसिस आणि इंजिनाचे नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि विकणाऱ्याला ‘ओरिजिनल आहे का?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर हो असेच येते. ‘काय काय बदलले आहे?’ असे विचारा. जो यादी सांगायला बसेल, त्याच्याशी सौदा करा.