हात लावू नकोस!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि आज भांडायलाच बसलेय. ज्यांना सौम्य काही वाचायचं असेल त्यांनी मागचं लोणच्याचं टिपण वाचावं :)

निमित्त अगदी क्षुल्लक. न्यू जर्सीचा माझा भाचा दिवाळीत आला, तो नातीसाठी एक जुना व्हिडिओ गेम घेऊन. निन्टेंडोचा, १९८५ साली अमेरिकेत विकायला आलेला तो करडा ठोकळा. तिकडे कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला. सोबतच्या अडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेलं, आपल्या भिंतीत २३०. तो तसाच लावला असता तर धूरच निघाला असता. म्हणून तो बाजूला ठेवून इथून ९ व्होल्टचा आणला, १ अँपिअरपेक्षा जरा जास्तीचा. बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकतो, टीव्हीचा पडदा दर सेकंदाला उजळतो आणि विझतो. बस्स, पुढे काही नाही.

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार म्हणाला, "बाई, बोर्ड गेलाय. ह्यात काही होत नाही, नवीन घ्या." मी विचारलं, "उघडून बघितलंत का?" तर नुसता हसला. जावई म्हणाले, "आई, हात लावू नका, शॉक बसेल." आणि आमचे चिरंजीव (हे वाचतोयस ना रे?) म्हणाले, "तुझं बी.ए. मराठी, तेही मराठी माध्यमातून. राहू दे ना."

राहू देणार नाही! माझं भांडण आहे ते ह्याच वाक्याशी.

आधी शॉकचं बघू. ह्या ठोकळ्यात फक्त ९ व्होल्ट येतात. भिंतीतली वीज बाहेरच्या अडॅप्टरपाशीच थांबते. ते काढून ठेवलं की आत भिण्यासारखं काही उरत नाही. जुन्या डबडा टीव्हीची गोष्ट वेगळी. त्याच्या काचेच्या नळीत बंद केल्यावरही वीज साठून राहते, तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये. हा फरक शिकवता येतो. पण शिकवायला वेळ लागतो, आणि "हात लावू नकोस" म्हणायला एक सेकंद पुरतो.

दुसरं, "बोर्ड गेला" हे निदान नव्हे, ती सुटका आहे. नातीने इंटरनेटवरून शोधून वाचून दाखवलं ते मी वहीत उतरवून घेतलं. ह्या यंत्रात एक कुलपाची चिप आहे आणि प्रत्येक अस्सल कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं बोलणं जुळलं तरच खेळ चालतो. नाही जुळलं की कुलपाची चिप यंत्राला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दिवा लुकलुकतो तो त्यामुळे! कॅसेट बसते त्या खाचेत ७२ पिना आहेत, त्यातल्या ४ फक्त ह्या कुलपासाठी. इतक्या वर्षांत त्यावर घाण बसली, पिना सैल पडल्या, की निरोप नीट पोचत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आणि तरी बंद.

कुणी म्हणेल, कुलूप लावायला कारण होतं. होतं, मान्य आहे. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कुणीही उठून भिकार खेळ विकत होतं, तेही त्यामागचं एक कारण. अशा वेळी आपल्या यंत्रावर कुठले खेळ चालावेत हे कंपनीने ठरवलं. पण जपानमध्ये १९८३ साली आलेल्या त्याच घराण्यातल्या यंत्रात हे कुलूप नव्हतं, आणि १९९३ साली निघालेल्या अमेरिकी आवृत्तीतून कंपनीने स्वतःच ते काढून टाकलं. शिवाय ह्या ठोकळ्याच्या बुडाला ६ स्क्रू आहेत, साध्या स्टार स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारे. नंतरच्या कॅसेटींना मात्र असे स्क्रू आले की त्याला हत्यारही वेगळंच लागतं. आता तर मोबाइलची बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते. पैसे माझे, वस्तू माझी, आणि उघडायला परवानगी दुसऱ्याची? दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं. छान केलं. पण ज्याला स्क्रू फिरवायचीच भीती घातलीय त्याने त्या हक्काचं काय करायचं?

आणि ही भीती घातली कुणी? इथे मला माझंच नाव घ्यावं लागतं.

१९८६ ची गोष्ट. आमच्या शिक्षक खोलीत एक ट्रान्झिस्टर होता. सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत कर्कटकाच्या टोकाने त्याचं मागचं झाकण उघडून बसलेला मला सापडला. मी फूटपट्टीने त्याच्या बोटांवर मारलं आणि म्हटलं, "पुन्हा हात लावू नकोस." तो काही बोलला नाही. ट्रान्झिस्टर महिनाभर बंदच होता, हे मला माहीत होतं. तो बिचारा दुरुस्त करायला बसला होता. पुढे ट्रान्झिस्टर कपाटावर धूळ खाऊन भंगारात गेला. त्याच्या उघडण्याने आणखी काय वाईट झालं असतं? चाळीस वर्षं होत आली, ह्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. दुकानदाराला नावं ठेवताना मी ते विसरत नाही.

असो. पुढचं सांगते. कॅसेटचे सोनेरी पट्टे आम्ही कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कापूस काळाकुट्ट झाला. पिनांचा भाग सोडवून चहाच्या पातेल्यात उकळला, दोन दिवस वाळवला (सूनबाई, पातेलं नीट घासून ठेवलंय). आणि हो, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका! फुंकरीतला दमटपणा पिना गंजवतो. फुंकरीने चालल्यासारखं वाटतं, ते खरं तर काढून पुन्हा बसवल्यामुळे.

पिना परत बसवायच्या वेळी नातीचा स्क्रू-ड्रायव्हर दोनदा घसरला. ते वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. तिसऱ्यांदा स्क्रू बसला.

मारिओ आता उड्या मारतोय. उद्या नाही मारल्या तरी चालेल. ती आता घरातल्या बंद पडलेल्या मिक्सरकडे बघतेय, आणि प्लग आधी काढायचा हे तिला सांगावं लागत नाही.