उटीचा ई-पास: क्यूआर कोड सोपा, त्यामागचा आकडा अवघड

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन उटी किंवा कोडाईकनालला जायचं, तर हॉटेल बुकिंगसोबत ई-पासही लागतो. मोबाइल नंबर टाका, गाडीची माहिती भरा, क्यूआर कोड तयार. टेक्नॉलॉजी एवढीच. खरा प्रश्न वेगळाच आहे: दिवसाला किती पास द्यायचे, हे ठरवायचं कसं?

नेमकं काय झालं?

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून हा पास सुरू झाला. हंगामात निलगिरी जिल्ह्यात रोज सुमारे २० हजार गाड्या येतात, हा आकडा न्यायालयासमोर होता. तरीही सुरुवातीला पासला मर्यादा नव्हती, मागेल त्याला मिळायचा. कारण आधी माहिती गोळा करायची होती: गाडी कोणती, माणसं किती, मुक्काम की त्याच दिवशी परत.

मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने एप्रिल ते जूनसाठी मर्यादा घातली:

- निलगिरी (उटी): सोमवार ते शुक्रवार रोज ६,०००, शनिवार-रविवारी ८,००० गाड्या
- कोडाईकनाल: अनुक्रमे ४,००० आणि ६,०००

स्थानिकांच्या गाड्या आणि सरकारी बस यातून वगळल्या. हे आकडे तात्पुरते होते. डोंगराला किती झेपतं, याचा अभ्यास आयआयटी मद्रास आणि आयआयएम बंगळूर या संस्थांकडे दिला गेला.

हा हिशोब कसा करतात?

याला 'कॅरिंग कपॅसिटी', म्हणजे धारणक्षमता म्हणतात. मिगेल सिफुएंतेस यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी जगभर वापरली जाते. आधी जागेत किती मावतं ते मोजायचं. मग पाऊस, जमिनीची धूप अशा गोष्टींमुळे ते किती कमी होतं ते बघायचं. शेवटी कर्मचारी, स्वच्छतागृहं, इतर सोयी किती पुरतात ते तपासायचं.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. पार्किंगमध्ये दिवसभरात १,००० गाड्या मावतात, पण पाणी ६०० गाड्यांतल्या माणसांनाच पुरतं. मग मर्यादा १,००० नाही, ६०० होते. जिथे सगळ्यात आधी अडतं, तोच खरा आकडा.

मग वाद कशाचा?

पोटापाण्याचा. मर्यादेविरोधात एप्रिल २०२५ मध्ये निलगिरीतल्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला. आकडा चुकून कमी ठेवला, तर हॉटेलवाला आणि टॅक्सीवाला मार खातो. जास्त ठेवला, तर पाणी आणि जंगल. शिवाय गाड्या मोजणं म्हणजे माणसं मोजणं नव्हे. पासच्या हिशोबात दोन जणांची कार आणि भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर दोन्ही 'एक गाडी'च.

आपल्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग असतं आणि तिथे मर्यादा माणसांवर आहे. लहान, कुंपणाने राखता येणाऱ्या पठारावर ते जमतं. अख्ख्या जिल्ह्याला तेच गणित लावणं कठीण.

तुमचा संबंध काय?

फॉर्ममध्ये भरलेली माहिती हाच अशा अभ्यासाचा कच्चा माल. 'चार जण, दोन रात्री' असताना घाईत 'एक जण, एक दिवस' टाकलंत, तर पाण्याचा आणि कचऱ्याचा अंदाज तिथेच चुकतो. म्हणून फॉर्म खरा भरा. आणि सरकारकडे एक मागणीही करा: मर्यादेचा आकडा जाहीर करताना त्यामागचं गणितही सगळ्यांना बघता येईल असं ठेवा. गणित दिसलं, तर बंद पाळणाऱ्यालाही नेमकं कशावर भांडायचं ते कळेल.