कॅथरीनचे गुलाब
फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिऑरच्या दक्षिण फ्रान्समधल्या घराचं नाव घेऊन २०१६ मध्ये ‘ला कोल न्वार’ हे परफ्यूम आलं. त्याचा जीव आहे ग्रास गावच्या मे-गुलाबात. तो वर्षातून एकदाच फुलतो, सकाळीच हाताने खुडावा लागतो आणि शेकडो किलो फुलांतून जेमतेम किलोभर अर्क निघतो. त्यामुळे परफ्यूमची किंमत मला समजते. पण या घराण्याच्या वारशात मला सर्वांत मोलाची वाटते ती ख्रिस्तियनची बहीण कॅथरीन. नाझींविरुद्ध भूमिगत काम करताना १९४४ मध्ये ती पकडली गेली, पण छळ सोसूनही तिने सोबत्यांची नावं सांगितली नाहीत. रावेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीतूनही ती जगून परतली. मग पॅरिसमध्ये फुलांचा व्यापार केला, पुढे प्रोव्हान्समध्ये गुलाबांची शेती. १९४७च्या ‘मिस दिऑर’ परफ्यूमचं नाव तिच्यावरूनच पडलं. परफ्यूम विकताना तिची ही शेती आधी सांगायला हवी, ख्रिस्तियनची फॅशन नंतर.