डोंगराआडचा श्रोता

घाटाखालच्या एखाद्या बाजारपेठेत रेडिओ संच घ्यायला गेलेल्या माणसापुढे दुकानदार जे संच मांडतो, त्यांची वाखाणणी बहुधा तीन गोष्टींवरून होते : आवाज किती मोठा, दिवे किती रंगांचे आणि मोबाइलमधील गाणी त्यावर वाजतात की नाही. दुकानात संच उत्तम वाजतो. तोच संच तीन बाजूंनी डोंगर असलेल्या वाडीत नेला की त्यातून खरखरीखेरीज काही निघत नाही. मग कधी संचाला दोष दिला जातो, कधी दुकानदाराला. आणि शेवटी 'आपल्याकडे रेडिओ लागतच नाही' असे म्हणून संच फळीवर जातो. या निष्कर्षाने अनेकांची सोय होते. विक्रेत्याची विक्री झालेली असते आणि प्रक्षेपणाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला कोणी जाब विचारीत नाही. श्रोता मात्र कायमचा गमावला जातो.

वस्तुतः या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कोणता संच घ्यावा, हा पहिला. आणि त्या खोऱ्यापर्यंत मुळात काय पोहोचते, हा दुसरा. पहिला भाग घेणाऱ्याच्या हातात आहे आणि थोडी माहिती असेल तर त्यात फसगत टळते. दुसरा भाग त्याच्या हातात नाही; तो सार्वजनिक धोरणाचा आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे धोरणाची उणीव झाकली जाते आणि गरिबाचे पैसे नव्या नव्या संचांवर खर्च होत राहतात.

प्रथम लहरींचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे मध्यम लहरींवरील केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असतात. या लहरींची लांबी सुमारे १९० ते ५६५ मीटर भरते. इतक्या लांब लहरी जमिनीला धरून चालतात, टेकड्यांना वळसा घालतात आणि दरीतही उतरतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्या शेकडो मैल दूर जातात. म्हणून अंधार पडल्यावर दूरची केंद्रे ऐकू येतात, जरी तेव्हा एका केंद्रात दुसरे मिसळण्याचा त्रासही होतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. तेथे लहरीची लांबी जेमतेम तीन मीटर. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. मनोरा नजरेच्या टप्प्यात असेल तर एफएमचा आवाज मध्यम लहरींहून कितीतरी स्वच्छ येतो. पण मध्ये डोंगर आला की त्याची सावली पडते. पुण्याच्या परिसरासाठी दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभारावा लागला तो याच कारणाने. उंची हेच त्या तंत्राचे बळ आहे आणि दरी ही त्याची दुबळी जागा.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. डोंगराळ भागात घ्यावयाच्या संचावर मध्यम लहरींचा पट्टा असलाच पाहिजे. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त संचांवर केवळ एफएम असते आणि खोक्यावरची अक्षरे वाचल्याखेरीज ते कळत नाही. दुसरी गोष्ट संचाच्या पोटातली. मध्यम लहरी पकडण्याचे काम आतील फेराइटची काळी दांडी करते. उंचावलेल्या धातूच्या कांडीचा त्याच्याशी संबंध नसतो. दांडी जितकी लांब व जाड, तितकी ग्रहणशक्ती अधिक. म्हणून हातात मावणाऱ्या चिमुकल्या संचापेक्षा वीतभर रुंदीचा साधा संच बहुधा सरस ठरतो. ही दांडी दिशा ओळखते. संच मेजावर हळूहळू गोल फिरवला तर एका दिशेला केंद्र स्पष्ट होते आणि दुसऱ्या दिशेला जवळपास नाहीसे होते. शेजारचे नको असलेले केंद्र किंवा खरखर त्या दुसऱ्या दिशेला टाकता आली, तर निम्मे काम पैशावाचून होते.

आकडे दाखविणारा संच घेताना आणखी एक दक्षता हवी. भारतात मध्यम लहरींवरील केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, अमेरिकेत १०. परदेशी बाजारासाठी बनविलेला संच १०च्या टप्प्यानेच सरकत असेल तर आपली केंद्रे त्यावर नीट लागत नाहीत. टप्पा बदलण्याची सोय आहे की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. तसेच संच बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारा असावा. वीज गेल्यावर मुका होणारा संच आडभागात निरुपयोगी असतो.

एफएमच्या बाबतीत संचाच्या किमतीपेक्षा एरियलच्या उंचीला महत्त्व आहे. तांब्याच्या तारेचे सुमारे पाऊण मीटर लांबीचे दोन तुकडे एका काठीवर एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ताणून बसविले, त्यांच्या मधल्या टोकांना टीव्हीची केबल जोडली आणि काठी छपरावर उभी केली, तर बाहेरच्या एरियलची जोडणी असलेल्या साध्या संचावरही जे केंद्र घरात लागत नव्हते ते लागू शकते. मध्यम लहरींसाठी दहा-पंधरा मीटर लांबीची तार दोन झाडांमध्ये बांधून तिचे खालचे टोक संचाभोवती चार-सहा वेढे गुंडाळले तरी फरक पडतो. या तारा वीजवाहिन्यांपासून दूर असाव्यात आणि विजांचा कडकडाट सुरू होण्यापूर्वी संचापासून अलग कराव्यात.

खरखरीचे मूळ कित्येकदा घरातच असते, हेही सांगितले पाहिजे. निकृष्ट एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांतून निघणारा विद्युत गोंगाट मध्यम लहरींना विशेष मारक ठरतो. त्याची परीक्षा सोपी आहे. संच सेलवर चालवावा आणि घराचा मेन स्विच क्षणभर बंद करावा. खरखर थांबली तर दोषी वस्तू घरातली आहे. एकेक उपकरण चालू करून ती शोधता येते. थांबली नाही तर संच अंगणात, माळावर नेऊन पाहावा. नवा संच घेण्यापूर्वी एवढी चाचणी केली, तर अनेकांना नव्या संचाची गरजच उरणार नाही.

येथपर्यंतचा उपाय माणसाच्या स्वतःच्या हातातला झाला. परंतु जे पाठविलेच जात नाही ते जगातला उत्तमातला उत्तम संचही पकडू शकत नाही. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींवरील जुनी प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने कमी करून एफएमवर भर देण्याचे धोरण प्रसार भारतीने स्वीकारले आहे. नागपूरचे १,००० किलोवॉट शक्तीचे प्रक्षेपक ज्या राष्ट्रीय वाहिनीसाठी रात्रभर चालत असे, ती १९८८ साली सुरू झालेली वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८च्या अखेरीस झाला. उलट २८ एप्रिल २०२३ रोजी देशात एकाच वेळी ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. त्यांतील प्रत्येकाची शक्ती १०० वॉट. सपाट मुलखातील तालुक्याच्या गावाला याचा लाभ होईल आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण मोडलेल्या डोंगररांगांच्या मुलखात १०० वॉटचा आवाका पहिल्याच कड्याशी संपतो. नकाशावर वर्तुळ काढले की त्यातील सारी गावे 'व्याप्त' ठरतात. डोंगराची सावली त्या वर्तुळात दिसत नाही.

या धोरणाच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे क्षुल्लक नाहीत. मध्यम लहरींची प्रक्षेपके वीज फार खातात, त्यांना विस्तीर्ण जागा लागते, जुन्या यंत्रांचे सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत आणि शहरी श्रोता मोबाइलकडे वळला आहे, हे सारे खरे. आकाशवाणीची केंद्रे मोबाइलवर ऐकता येतात, हेही खरे. पण मोबाइलवर ऐकण्यासाठी नेटवर्क लागते, डेटाचे पैसे लागतात आणि भारलेली बॅटरी लागते. ज्या खोऱ्यात एफएमची सावली पडते, तेथे मोबाइलचे नेटवर्कही बहुधा तितकेच लंगडे असते, कारण दोहोंच्या आड येणारा डोंगर एकच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली; मोबाइल मुके झाले. अशा वेळी सेलवरचा रेडिओ हेच सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन असते. मात्र त्यावर ऐकू येईल असे काही कोणी तरी पाठवीत असले पाहिजे.

अंकीय प्रक्षेपणाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. आकाशवाणीने डीआरएम या तंत्राची प्रक्षेपके देशभर बसविली. तंत्र चांगले, एकाच लहरीवर अनेक कार्यक्रम आणि स्पष्ट आवाज देणारे. पण ते ऐकण्यासाठी लागणारा संच सामान्य माणसाच्या आवाक्यात आणि तालुक्याच्या दुकानात आलाच नाही. प्रक्षेपण आहे आणि श्रोता नाही, अशी ही विपरीत स्थिती. तंत्रज्ञानाचे नियोजन करताना मनोरा आणि संच हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत, हे विसरल्याचा हा परिणाम होय.

आता मुख्य मुद्दा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की ध्वनिलहरींचे आकाश ही सार्वजनिक संपत्ती असून तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. त्यानंतरच्या काळात या संपत्तीचा एक भाग लिलावाने खासगी एफएम कंपन्यांकडे गेला. त्या कंपन्या जाहिरात मिळते तेथे, म्हणजे शहरांत, पोहोचल्या. जाहिरातदाराला ज्या वाडीत गिऱ्हाईक दिसत नाही तेथे त्या जाणार नाहीत आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही व्यर्थ आहे. शिवाय त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी देण्यापुरतीच मुभा आहे. तात्पर्य, रेडिओवरील बातमी ही आजही जवळजवळ सर्वस्वी आकाशवाणीच्या हाती आहे. ज्या गावात आकाशवाणी पोहोचत नाही, त्या गावापुरती रेडिओवरची बातमीच नाहीशी होते. कोणी मनाई हुकूम काढीत नाही. नुसते प्रक्षेपक बंद पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत एक अभिमानास्पद वारसा आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एका संचाभोवती एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे परत पाठवीत. त्या प्रयोगात श्रोता हा केवळ ग्राहक नव्हता, सहभागी होता. आणि केंद्राला आपला आवाज कोठे पोहोचतो हे गावाकडूनच कळत होते. आज माण तालुक्यात म्हसवडच्या 'माणदेशी तरंग वाहिनी'सारखी सामुदायिक केंद्रे तो धागा पुढे नेत आहेत. अल्पशक्तीचे केंद्र खोऱ्याच्या आतच असले तर डोंगर आड येत नाही, हा त्यांचा तांत्रिक लाभ. आणि गावची बोली गावाला ऐकू येते, हा त्याहून मोठा.

कार्यकर्त्यांना यात करण्याजोगे काम आहे आणि त्याला निधी लागत नाही. प्रत्येक तालुक्यात एक साधा, सेलवर चालणारा, दोन्ही पट्ट्यांचा संच घेऊन वाडीवाडीत सकाळ, दुपार आणि रात्र अशी चाचणी घ्यावी. कोणते केंद्र लागते, किती स्पष्ट लागते, कोठे काहीच लागत नाही, याची वही ठेवावी. त्याच फेरीत लोकांना संच फिरविण्याची, तार बांधण्याची आणि घरातील खरखर शोधण्याची रीत दाखवावी. अनेक घरांत फळीवर पडलेला जुना ट्रान्झिस्टर त्या एका भेटीत पुन्हा बोलू लागेल. आणि जेथे सारे उपाय करूनही संच मुकाच राहतो, त्या गावांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह जवळच्या आकाशवाणी केंद्राकडे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि खासदाराकडे जावी.

त्या यादीसोबत मागण्याही नेमक्या असाव्यात. पर्यायी प्रक्षेपण खोऱ्यात प्रत्यक्ष ऐकू येते, याची जागेवर मोजणी झाल्याखेरीज मध्यम लहरींवरील कोणतेही केंद्र बंद करू नये. डोंगराळ तालुक्यांसाठी एफएमचे छोटे पुनःक्षेपक उंचावरील जागी बसवावेत. मोबाइल संचांत एफएमची सोय चालू ठेवण्याविषयी केंद्र सरकारने २०२३ साली उत्पादकांना केलेली सूचना बंधनकारक करावी. दिवे आणि चार्जर यांच्या विद्युत गोंगाटावरील मर्यादांची अंमलबजावणी बाजारात व्हावी.

दुकानात गेलेल्या माणसाला चांगला संच निवडता यावा, ही गोष्ट लहान नाही. महिन्याच्या मिळकतीतला काही भाग तो त्यात घालीत असतो. पण त्याने नीट पारखून आणलेल्या संचात काही तरी ऐकू येईल, एवढी हमी त्याला सार्वजनिक नभोवाणीने दिली पाहिजे. आकाश जर सर्वांचे असेल, तर डोंगराच्या सावलीत राहणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. आणि तो मागण्यासाठी पहिला पुरावा म्हणून तालुक्यातालुक्यात ती वही तयार झाली पाहिजे.