टायमिंग कुणाच्या कानात नसतं

गॅरेजात एक देव बसवून ठेवलाय. त्याचं नाव उस्तादाचा कान. जुनी पद्मिनी आणा, ॲम्बॅसिडर आणा, पेट्रोलची जीप आणा. उस्ताद इंजिन चालू ठेवतो, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करतो आणि डोळे मिटून तो इकडंतिकडं फिरवतो. आवाज चढला की बोल्ट आवळतो. झालं टायमिंग! पोरगा चिंधी घेऊन मागं उभा. त्याला दिसते फक्त उस्तादाची पाठ. विचारलं तर उत्तर ठरलेलं : हाताला वळण लागलं की कळेल. किती वर्षांनी? तोवर चहा आण, प्लग घास, रॉकेलात हात बुडव.

ज्ञान पाठीआड ठेवायची ही रीत आपल्याला नवी आहे काय? पोथी गेली, पाना आला, पण पाठ तीच. म्हणून उघड्यावर सांगतो. इग्निशन टायमिंग हे एक माप आहे, आणि हे माप शिकायला एक दुपार पुरते.

लूमवर उभं राहिलेल्याला हे लगेच कळेल. ताण्याचं तोंड उघडलं की धोटा सुटला पाहिजे. आधी सुटला तर धागे तोडतो, उशिरा सुटला तर तोंडात अडकतो. इंजिनाचंही असंच. ठिणगी पडली म्हणून पेट्रोल एका झटक्यात जळत नाही, त्याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन टॉपला पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते. हे ‘आधी’ क्रँकच्या अंशांत मोजतात. मिनिटाला ८०० फेऱ्या असताना क्रँक एका सेकंदात ४,८०० अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांवर १८,००० अंश. जळायचा वेळ काही तितका आखडत नाही. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि स्प्रिंगा ठेवल्यात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढं सरकते. हलक्या लोडवर बाजूची व्हॅक्यूमची डबी तिला आणखी थोडी पुढं ओढते. आपण हातानं लावतो तो फक्त पाया.

आता कान कसा फसवतो ते बघा. उभ्या गाडीत, बिनलोडच्या इंजिनाला टायमिंग बरंच पुढं दिलेलं आवडतं. जितकं पुढं द्याल तितका आवाज चढतो, उस्ताद खूश. गिऱ्हाईकही खूश, कारण गाडी फाटकाबाहेर झोकात जाते. मग चार माणसं बसतात, घाट लागतो, आणि आतून खडखड सुरू होते. पिस्टन वर चढतोय आणि वरून आग त्याला खाली दाबतेय. गॅस्केट जातं, पिस्टनला भोक पडतं. जोरात चाललेल्या गाडीच्या गोंगाटात ही खडखड कानाला ऐकूसुद्धा येत नाही. आणि भीतीनं टायमिंग मागं ठेवलं तर इंजिन तापतं, ओढत नाही, पेट्रोल पितं, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह भाजतात. भुर्दंड कुणाला? ड्रायव्हरला. कान मात्र देव्हाऱ्यात शाबूत!

माप कसं घ्यायचं ते ऐका. सामान काय लागतं? फिलर गेज, पेचकस, पाना, आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा एक बल्ब.

आधी पॉइंट. हा क्रम मोडू नका. टायमिंग लावून मग पॉइंटला हात घातला की केलेलं सगळं वाया गेलं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी पुढं जाते. गॅप कमी झाला की ती मागं पडते. पॉइंटची टाच झिजत जाते, म्हणून टायमिंग महिन्यामहिन्याला आपोआप मागं सरकतं. यात कुणाची करणी नाही. कॅमचा उंचवटा बरोबर टाचेखाली आणा आणि तिथं गेज घाला. ॲम्बॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाला १४ ते १६ थाऊ. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ असेल तर गेज खोटं बोलतं. आधी घासा, नाहीतर बदला.

मग एक नंबरचा प्लग काढा. भोकावर बोट ठेवून इंजिन हातानं फिरवा. हवा बोट ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पुलीवरची खूण त्या गाडीला सांगितलेल्या अंशावर आणा. कॅप काढून बघा, रोटर एक नंबरच्या वायरीकडं तोंड करून असला पाहिजे. ॲम्बॅसिडर काय, पद्मिनी काय, ठिणगीचा क्रम १-३-४-२.

आता बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. स्विच चालू. पॉइंट मिटलेला असेल तर बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. क्लॅम्प ढिला करा. रोटर ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला डिस्ट्रिब्युटर वळवा, बल्ब विझेल. मग उलट बाजूला केसाकेसानं आणा. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा. आवळा. आवळताना हलतं, म्हणून पुन्हा एकदा तपासा. रोटरच्या उलट वळवलं की टायमिंग पुढं जातं, रोटरच्या बाजूनं वळवलं की मागं. बस, एवढंच ते ‘गुपित’!

टायमिंग लाइट मिळाली तर अजून उत्तम. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, इंजिन संथ ठेवा, खुणेवर उजेड मारा. मग रेस द्या. खूण पुढं सरकली नाही तर आतली वजनं गंजून बसलीत. खूण एका जागी ठरतच नसेल तर शाफ्टचा बुश खलास. हे रोग बाहेरून डबा फिरवून जात नाहीत. उस्ताद कितीही कान लावो.

आणि हँडलची गाडी असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला गुंडाळू नका. टायमिंग फार पुढं असेल तर इंजिन उलटा झटका देतं, अंगठा नाहीतर मनगट मोडतं. अंगठा घ्यायला दर वेळी द्रोणच लागतो असं नाही. न शिकवणारा कुणीही पुरतो.

पण दोस्तहो, एक देव काढून दुसरा बसवू नका. दुसरा देव म्हणजे इंग्रजी पुस्तकातला आकडा. शौकीन साहेब लोक गुळगुळीत मॅन्युअल हातात धरून अंगठेबहाद्दर मेकॅनिकला हसतात. त्यांना सांगा, तो आकडा ज्या पेट्रोलसाठी छापला होता ते पेट्रोल आज पंपावर नाही. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. सीएनजी सावकाश जळतो, त्याला टायमिंग आणखी पुढं द्यावं लागतं. म्हणून आकड्यापासून सुरुवात करा, मग माणसं बसवून चढावर गाडी न्या. वरच्या गिअरमध्ये दाबून बघा. खडखडली तर एक-दोन अंश मागं घ्या. कानाची जागा इथं, शेवटी, मापाच्या नंतर. उस्तादाचा कान खोटा आहे असं मी म्हणत नाही. वीस-तीस वर्षांच्या घामानं तो तयार झालाय. पण जे फक्त एकाच्या कानात राहतं ते त्याच्याबरोबर मसणात जातं.

ते जायला लागलंच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्या. ॲम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. उरलेल्या गाड्या लग्नात, शूटिंगात आणि हौशी लोकांच्या शेडमध्ये. त्या गाड्यांचे फोटो निघतील, त्यांच्यावर हळवे लेख येतील. ज्यांनी पॉइंट घासून त्या चालत्या ठेवल्या त्यांचं शहाणपण मराठीत कुणी लिहिलं? ‘जुगाड’ म्हणून मोकळे झाले. ज्याच्या हाताला मोजता येतं त्याच्या कामाला जुगाड म्हणायची हिंमत कशी होते? आणि आपल्याच माणसानं ते लपवून ठेवायचं कारण काय?

तेव्हा उस्तादांनो, पाठ फिरवा. पोराला समोर घ्या, बल्ब त्याच्या हातात द्या. आणि पोरांनो, उस्तादानं नाही दिला तर स्वतः दोन वायरी जोडा. गॅप, अंश, क्रम खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहा. नव्या पोराला पहिल्याच दिवशी वाचायला लावा. त्याला वाचता येत नसेल तर आधी वाचायला शिकवा. चहा नंतर आणता येईल.