दोन वर्तुळांतून मेहराब



गेल्या महिन्यात फोटो कसा कापायचा आणि कसा उजळ करायचा ते आपण पाहिले. त्यावर अनेक भगिनींनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. मोबाईलवर केलेले कार्ड पडद्यावर सुरेख दिसते, छापायला दिले की फाटते, असे का? 'फाटते' हा छपाईच्या दुकानातला शब्द. म्हणजे अक्षरांच्या कडा दातेरी होतात, चंद्राची कोर पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

कारण साध्या भागाकारात आहे. मोबाईलच्या ॲपमध्ये चौकोनी कार्ड बहुधा 1080 ठिपके रुंद आणि तितकेच उंच असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. चांगल्या छपाईला एका इंचात 300 ठिपके लागतात, म्हणजे या कार्डाची नीट छपाई जेमतेम 3.6 इंच रुंदीपर्यंत होईल. तेच चित्र सहा फुटी बॅनरवर ताणले तर 72 इंचांत 1080 ठिपके, एका इंचाला फक्त 15. एकेक ठिपका जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरचा. तो लांबूनही दिसणारच. त्यात ते चित्र व्हॉट्सॲपवरून तीन जणांकडून फिरून आलेले असेल तर विचारायलाच नको.

उपाय असा की चित्र ठिपक्यांनी भरायचेच नाही, आकारांनी काढायचे. यालाच वेक्टर म्हणतात. आपण वर्तुळ काढले की संगणक ठिपके लक्षात ठेवत नाही. मध्यबिंदू कुठे, त्रिज्या किती, रंग कोणता, एवढेच तो लिहून ठेवतो. अशी एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, आकाराचे नाव आणि त्याचे आकडे इंग्रजी अक्षरांत ओळीने लिहिलेले दिसतील. त्रिज्या 20 ऐवजी 2000 केली तरी वर्तुळ वर्तुळच राहते, कारण संगणक ते दर वेळी नव्याने आखतो. आपण वहीत कंपासने काढतो तसेच. कंपास मोठा उघडला म्हणून वर्तुळाला दाते येत नाहीत.

आता सॉफ्टवेअर कोणते? छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ असते, काही ठिकाणी इलस्ट्रेटर. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग. म्हणून कोणीतरी पेन ड्राइव्हवरून 'क्रॅक' टाकून देते आणि आपणही घेतो. मला हे पटत नाही. मुलगी घरी बसून चार पैसे हलाल कमावणार असेल तर तिचे अवजार तरी चोरीचे नसावे. त्या क्रॅकबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. आपण इंकस्केप वापरणार आहोत. हे 2003 पासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेले सॉफ्टवेअर आहे. ते पूर्ण मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.

ज्यांच्याकडे आधीपासून फोटोशॉप आहे त्यांच्यासाठी एक सूचना. कीबोर्डवर यू दाबले की चौकोन, वर्तुळ, बहुभुज काढायची टूल मिळतात. वरच्या पट्टीत 'शेप' निवडलेले असेल तर आकार वेक्टर राहतो, 'पिक्सेल्स' असेल तर ठिपके पडतात. जिम्पमध्ये गोल निवड करून रंग भरला तर तेही ठिपकेच. फोटोच्या कामाला ठिपके हवेतच, त्यात वाईट काही नाही. पण बोधचिन्ह, दुकानाची पाटी, दावतनाम्याची चौकट ही आकारांची कामे आहेत.

इंकस्केप उघडा. डाव्या कडेला टूलांची उभी पट्टी दिसेल. आज त्यातली तीनच लागतात. वरचा काळा बाण निवडण्यासाठी, त्याची कळ एस. चौकोनासाठी आर. वर्तुळासाठी ई. कंट्रोल दाबून माऊस ओढला की चौकोन समभुज होतो आणि लंबगोल वर्तुळ होतो. खाली रंगांची पट्टी आहे. रंगावर साधे क्लिक केले की आत रंग भरतो, शिफ्ट दाबून क्लिक केले की काठाला लागतो. पट्टीच्या सुरुवातीला फुलीचे खण आहे, तिचा अर्थ 'रंग नाही'. शिफ्ट दाबून त्या फुलीवर क्लिक करा आणि काठ काढून टाका. हे आधी करायला सांगते याला कारण आहे. काठाची जाडी मापात धरली जाते, म्हणून काठ ठेवलात तर पुढचे माझे आकडे तुमच्याकडे जुळणार नाहीत.

काळा बाण घेऊन आकार निवडला की वरच्या पट्टीत चार खण दिसतात. एक्स म्हणजे डावीकडून अंतर, वाय म्हणजे वरून अंतर, डब्ल्यू रुंदी, एच उंची. एकक मिलिमीटर ठेवा. रुंदी-उंचीमधले कुलूप उघडे असू द्या. मुलांना मी नेहमी सांगते, माऊसने अंदाजे ओढू नका, आकडा लिहा. नववीची भूमिती इथे उपयोगी पडते आणि पडद्यावर ती लगेच दिसते.

पहिला आकार चंद्रकोर. 40 मिलिमीटरचे वर्तुळ काढा. त्यावर 32 मिलिमीटरचे दुसरे काढा, वेगळ्या रंगाचे. दोन्हींचे मध्य जुळवा आणि मग दुसरे 8 मिलिमीटर उजवीकडे सरकवा. शिफ्ट दाबून दोन्ही निवडा आणि 'पाथ' मेनूतून 'डिफरन्स' घ्या. वरच्या आकाराने खालचा कापला जातो आणि कोर उरते. पोळीवर वाटी दाबून काप काढतो तसे हे आहे. वाटी वर, पोळी खाली. क्रम उलटा झाला तर भलताच तुकडा हाती येतो, तेव्हा कंट्रोल झेड दाबा आणि पुन्हा करा.

दुसरा आकार आठ टोकांचा तारा. 40 मिलिमीटरचा समभुज चौकोन काढा. कंट्रोल डी दाबले की त्याची नक्कल बरोबर त्याच जागी तयार होते, पडद्यावर फरक दिसत नाही, म्हणून काहीच झाले नाही असे वाटते. निवडलेल्या नकलेवर पुन्हा एकदा क्लिक करा. कोपऱ्यांना वाकडे बाण येतील. कंट्रोल दाबून कोपरा फिरवला की चौकोन 15 अंशांच्या पायऱ्यांनी फिरतो. तीन पायऱ्या झाल्या की 45 अंश. आता दोन्ही निवडून 'युनियन'. दोन चौकोनांचा एक तारा झाला.

हा तारा तुम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. अरब देशांत छापलेल्या मुसहफमध्ये हिज्बचा पाव भाग दाखवायला हेच चिन्ह असते. साठ हिज्ब, प्रत्येकाचे चार भाग. इराणमधल्या काशान शहरात तेराव्या शतकात याच आकाराच्या फरश्या भाजल्या जात. तारे टोकाला टोक लावून मांडले की चार ताऱ्यांच्या मध्ये अधिकच्या चिन्हासारखी जागा उरते, तिथे दुसऱ्या आकाराची फरशी बसते. तुम्हीही तारा कंट्रोल डीने चार वेळा काढून मांडून पाहा, ती जागा आपोआप तयार होईल. नक्षी काढणाऱ्या त्या कारागिरांकडे कंपास आणि पट्टी एवढेच होते. आपल्याकडे त्याहून जास्त नको.

आता मेहराब, कारण दावतनाम्यावर सगळ्यात जास्त मागणी तिलाच. टोकदार कमान हाताने काढायला गेलात तर एक बाजू हमखास जाड होते. काढूच नका. 100 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ घ्या, एक्स 20, वाय 50. त्याची नक्कल करून एक्स 70 लिहा, वाय तेच. आता प्रत्येक वर्तुळ दुसऱ्याच्या मध्यबिंदूतून जाते आहे. दोन्ही निवडून 'इंटरसेक्शन' घ्या. दोघांचा सामाईक भाग उरतो, उभ्या बदामासारखा, बरोबर 50 मिलिमीटर रुंद. मग एक चौकोन घ्या, रुंदी 50, उंची 70, एक्स 70, वाय 100. तो बदामाच्या मधल्या रेषेपासून खाली सुरू होतो आणि बदामाचा खालचा अर्धा भाग त्यात पूर्ण झाकला जातो. दोन्हींचे 'युनियन' करा. कमान तयार. दोन्ही बाजू केसभरही कमी-जास्त नाहीत.

उंची खणात वाचा, सुमारे 113.3 मिलिमीटर येईल. 70 चौकोनाचे आणि उरलेले 43.3 कमानीचे, म्हणजे 50 मिलिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाची उंची. घरात नववी-दहावीचे मूल असेल तर त्याला हे का, ते विचारा. उत्तर सांगू नका, कागदावर काढू द्या.

आत दुहेरी किनार हवी असेल तर मेहराबची नक्कल करा, रंग बदला आणि 'पाथ'मधले 'इनसेट' दहा-पंधरा वेळा घ्या. आकार सगळीकडून सारखा आत सरकतो. दोन रंगांत तीन नकला केल्या की बाजारच्या कार्डासारखी चौकट दिसते. एक काळजी घ्या. 'युनियन' किंवा 'डिफरन्स' केल्यावर मूळ वर्तुळे-चौकोन परत मिळत नाहीत, म्हणून त्यांची एक नक्कल पानाबाहेर बाजूला ठेवून द्या.

वळणदार वेली, मेंदीच्या पाकळ्या यांना पेन टूल लागते. ते शिकायला महिना जातो आणि सुरुवातीला चिडचिड फार होते, म्हणून आज नाही.

अक्षरांचे मात्र आजच सांगायला हवे, कारण खरे नुकसान तिथे होते. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी घरी दावतनामे करते. कॉलेज लांब, जाण्या-येण्याचा खर्च झेपेना, म्हणून घरीच थांबली. एका निकाहचे कार्ड तिने मन लावून केले, उर्दू आणि मराठी दोन्ही मजकूर. छपाईवाल्याकडे फाइल उघडली तर उर्दूची अक्षरे सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने, मराठीतल्या वेलांट्या भलतीकडे. तो म्हणाला, पुन्हा टाइप करावे लागेल, त्याचे वेगळे पैसे. कार्डावर तिला जे सुटणार होते ते तिथेच गेले. तिचे काम बरोबर होते. तिचे फॉन्ट त्याच्या संगणकात नव्हते आणि त्याचे जुने सॉफ्टवेअर उर्दू जोडू शकत नव्हते, एवढेच.

म्हणून दुकानदार जे म्हणतात, 'कर्व्ह करून आणा', ते शिकून घ्या. इंकस्केपमध्ये टी दाबून मजकूर टाइप करा, युनिकोड फॉन्ट वापरा. उर्दूसाठी गुगलचा नोटो नस्तालिक उर्दू मोफत आहे आणि त्यात अक्षरे नीट जोडली जातात. काम पूर्ण झाल्यावर मजकूर निवडून 'पाथ'मधून 'ऑब्जेक्ट टु पाथ' घ्या. आता ती अक्षरे राहिली नाहीत, आकार झाले, मेहराबसारखेच. कोणत्याही संगणकात उघडा, फॉन्ट असो वा नसो, तशीच दिसतील. पण त्यानंतर एक नुक्ताही दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह करण्यापूर्वी नवरा-नवरीची नावे, वडिलांची नावे, तारीख आणि वार घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, उर्दू एकाकडून आणि मराठी दुसऱ्याकडून. मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपा आणि कर्व्ह केलेली पीडीएफ दुकानात द्या. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रंगांबद्दल एवढेच की पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर थोडा मंद येतो, कारण पडदा प्रकाशाने रंगतो आणि कागद शाईने. पहिली एकच प्रत काढून पाहा, मग दोनशेची ऑर्डर द्या.

सरावासाठी या महिन्यात एक काम. मेहराबच्या आत वर चंद्रकोर, खाली दोन बाजूंना दोन तारे आणि मध्ये घराच्या दारावर लावायला कुटुंबाचे नाव, मराठीत आणि उर्दूत. रंग दोनच वापरा. मजकूर कर्व्ह करून पीडीएफ करा आणि ती उघडून मोठी करत करत पाहा. कडा कुठे दातेरी दिसली तर त्या जागी चुकून फोटो वापरला गेला आहे असे समजा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पेन टूल घेऊ. तोवर माऊस जवळ ठेवा, लॅपटॉपच्या पट्टीवर बोटाने वेली काढणे जमत नाही.